वेंगुर्ले बंदराच्या कट्ट्यावर एका मोडलेल्या मानेची चर्चा

घराची कौले परतवताना माळ्यावरच्या ट्रंकेत मला शाळेतल्या दिवसांचा डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती-कंपनीच्या पैलवानांच्या पत्त्यांचा संच सापडला. रबर बँड वितळून वरच्या पत्त्याला चिकटला होता आणि खाऱ्या हवेने कडा फुगल्या होत्या, पण पैलवानांचे फोटो शाबूत होते आणि त्यांच्या खाली उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती असे सगळे आकडेही होते. संध्याकाळी तो संच मी बंदरावरच्या कट्ट्यावर घेऊन गेलो आणि त्यातून जो वाद पेटला तो दीपगृहाचा दिवा लागल्यानंतरही बराच वेळ चालला. वाद अर्थातच मालवणीत झाला. इथे लिहिताना मी तो प्रमाण मराठीत आणला आहे, त्यामुळे त्यातल्या शिव्या गळाल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर थोडी रंगतही.

कट्ट्यावर आम्ही चौघे असतो. मास्तर निवृत्त शिक्षक असून त्यांनी आयुष्यभर शाळेच्या पोरांना कबड्डी शिकवली. बाबल्या ट्रॉलरवर खलाशी आहे. तिसरा आमचा फिजिओ. तो दिवसभर लोकांचे गुडघे आणि कंबरा वाकवतो आणि संध्याकाळी आमची डोकी. चौथा मी.

पत्ते हातात घेताच मास्तरांनी निकाल देऊन टाकला. त्यांच्या मते ही सगळी नुरा कुस्ती होती, कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असल्यामुळे तिला खेळ म्हणणे हा खऱ्या पैलवानाचा अपमान होता, आणि ज्या देशात खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणले त्या देशातल्या पोरांनी हे पत्ते जमवावेत याची त्यांना तेव्हाही लाज वाटत होती. फिजिओ शांतपणे पत्ते उलटत होता. तो म्हणाला, "मास्तर, छातीचा आणि दंडाचा आकडा इथे आहे, पण यांच्यातल्या कोणाकोणाची मान निकामी झाली हे कुठेच लिहिलेले नाही."

मग त्याने डॅरन ड्रोझडॉव्हची गोष्ट सांगितली. आमच्यापैकी कोणालाच हे नाव आठवत नव्हते, कारण तो कधी मोठा तारा झालाच नाही. मूळचा अमेरिकन फुटबॉलपटू, डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून खेळलेला, १९९८ मध्ये 'ड्रोझ' या नावाने तो या व्यावसायिक कुस्तीत आला. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या युनियनडेल येथे दूरचित्रवाणीसाठी चित्रीकरण चालू असताना डी-लो ब्राऊन नावाच्या पैलवानाने त्याच्यावर धावता पॉवरबॉम्ब टाकला. पकड नीट बसली नाही, ड्रोझ पाठीवर पडण्याऐवजी डोक्यावर पडला आणि मानेच्या कण्याला झालेल्या इजेने त्याचे हातपाय लुळे पडले. तो तेव्हा तीस वर्षांचा होता. पुढे शरीराच्या वरच्या भागात थोडी हालचाल परत आली, पण चाकाची खुर्ची सुटली नाही, आणि ३० जून २०२३ रोजी, ५४ व्या वर्षी, तो गेला. तो सामना प्रेक्षकांना कधी दाखवला गेला नाही.

"निकाल ठरलेला होता ना?" बाबल्याने विचारले. "मग मान कशी मोडली?"

हा प्रश्न त्याने मास्तरांना टोमणा म्हणून विचारला होता, पण फिजिओने तो गंभीरपणे घेतला आणि मला वाटते संध्याकाळचा सगळ्यांत चांगला भाग तोच होता. त्याने पत्ते बाजूला ठेवले आणि बाबल्याला उभे करून पॉवरबॉम्ब कसा असतो ते दाखवले, म्हणजे देवदयेने अर्धाच दाखवला. समोरच्याचे डोके आपल्या मांड्यांमध्ये घ्यायचे, कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालायचा, त्याला उलटा उचलून आपल्या खांद्यांच्या उंचीवर बसता करायचा आणि मग पाठीवर आपटायचा. शंभर किलोंचा माणूस स्वतः उडी मारून साथ दिल्याशिवाय असा उचलला जात नाही. म्हणजे जो आपटला जाणार आहे तोच आपटणाऱ्याला मदत करत असतो. खाली पडताना त्याने हनुवटी छातीला लावायची, पाठ सपाट ठेवायची आणि दोन्ही हात जमिनीवर थापटायचे, म्हणजे आघात एका जागी न बसता पसरतो. खाली असते काय, तर पोलादी तुळया, त्यांच्यावर लाकडी फळ्या, त्यांच्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेले कॅनव्हास. आपल्या आखाड्यात ताक, तेल आणि हळद घालून मऊ केलेली लाल माती असते तसे तिथे काही नसते.

"आणि मानेत सात मणके," असे म्हणून त्याने बाबल्याच्या मानेवरून बोट खाली आणले. "तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या भागातून जे मज्जातंतू निघतात ते श्वासाचा पडदा हलवतात. इजा त्याच्या वर झाली तर माणूस स्वतःचा श्वाससुद्धा घेऊ शकत नाही. खाली झाली तर श्वास राहतो, पण हातपाय जाऊ शकतात. दोन बोटांच्या अंतराचा हा हिशेब आहे." बाबल्याने आपली मान चोळली आणि तो पुन्हा कट्ट्यावर बसला.

मास्तर एवढ्याने ऐकणारे नव्हते. त्यांचे म्हणणे असे की दुखापत सगळीकडे होते. विनेश फोगाटचा गुडघा १७ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकच्या मॅटवर गेला, तिला स्ट्रेचरवरून न्यावे लागले, आणि तीच विनेश २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आली. दुखापतीने तमाशा खेळ होत नाही आणि खेळ तमाशा होत नाही. यावर मी मध्ये पडलो, कारण मला त्यांच्या बोलण्यातली एक गाठ सुटत नव्हती. विनेश समोरचीच्या विरोधात सगळे अंग लावून लढत होती. प्रतिस्पर्ध्याला आपले अंग द्यायचे नाही, हीच खऱ्या कुस्तीची पहिली अट आहे, आणि शिवाय कोणाला डोक्यावर आपटणे तिथे नियमाबाहेर आहे. ड्रोझने मात्र आपले अंग दुसऱ्याच्या हाती दिले होते. निकाल ठरलेला असणे म्हणजे धोका कमी असणे, हे मास्तरांचे गृहीतकच मला उलटे वाटते. लढणारा माणूस स्वतःला वाचवत असतो. इथे वाचवण्याचे काम समोरच्यावर सोपवलेले असते, आणि त्या समोरच्याला पन्नास गावांचा प्रवास झालेला असतो, घाम आलेला असतो, कदाचित त्याचाही खांदा दुखत असतो.

"मग दोष त्या ब्राऊनचा," मास्तर म्हणाले.

ड्रोझने तसे कधी म्हटले नाही. तो अपघात होता आणि ब्राऊनने मुद्दाम काही केले नाही, हेच तो सांगत राहिला. बाबल्याला हे मोठेपण फार भावले. मला ते भावले, पण थोडी शंकाही आली, आणि ती मी बोलून दाखवली. एका गरीब गड्याने दुसऱ्या गड्याला माफ केले म्हणजे तिसऱ्या कोणाचा हिशेबही मिटला, असे आपल्याकडे फार लवकर धरले जाते.

तिसरा म्हणजे कंपनी. फिजिओने सांगितले की हे पैलवान कंपनीचे नोकर धरले जात नाहीत, ते स्वतंत्र कंत्राटदार असतात. रिंगमधल्या दुखापतीच्या शस्त्रक्रियेचा खर्च कंपनी करते, ड्रोझलाही तिने सोडून दिले नाही, तो पुढे तिच्या संकेतस्थळासाठी लिहीत असे. पण या पैलवानांची संघटना नाही. त्याच कंपनीचा पैलवान ओवेन हार्ट २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत दोराने छतावरून रिंगमध्ये उतरताना खाली पडून मेला, तो कार्यक्रम त्या रात्री तसाच पुढे चालू राहिला, आणि त्याच्या घरच्यांनी दावा लावल्यावर २००० साली १.८ कोटी डॉलरला तडजोड झाली.

इथे बाबल्या बराच वेळ गप्प होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे अर्धी आहेत. जाळे ओढताना ती विंचमध्ये सापडली, त्याला आता अकरा वर्षे झाली, आणि आम्ही रोज ती बोटे पाहत असूनही त्या दिवसाबद्दल त्याने कधी काही सांगितले नव्हते. तो म्हणाला, "मला मालकाने काय सांगितले ठाऊक आहे? तू पगारी माणूस नाहीस, तू हिस्सेकरी आहेस. बांगडा लागला तर तुझाही हिस्सा, नाही लागला तर तुझाही. मग बोटे गेली हासुद्धा तुझाच हिस्सा." त्या फेरीचा हिस्सा त्याला मिळाला. पुढच्या फेरीला त्याच्या जागी दुसरा होता. "तुमचा तो कंत्राटदार म्हणजे आमचा हिस्सेकरीच," तो म्हणाला आणि त्याने विडी पेटवली.

मास्तर यावर काही बोलले नाहीत, आणि मास्तर बोलत नाहीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

पुढचा भाग बाकीच्यांनी घाईघाईने उरकला, मी मात्र रेंगाळलो, कारण एज नावाच्या पैलवानावर माझा जीव होता. त्याचा पत्ता माझ्याकडे नव्हता, पण केबलवर मी त्याला वर्षानुवर्षे पाहिले होते. २००३ मध्ये त्याच्या मानेचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली होती. ३ एप्रिल २०११ रोजी रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या कार्यक्रमात, त्याने आपले जागतिक विजेतेपद राखले आणि आठच दिवसांनी, ११ एप्रिलला, रिंगमध्ये उभे राहून निवृत्ती जाहीर केली. मज्जारज्जूची नळी अरुंद झाली होती आणि आणखी एक आपटणे पुरेसे ठरले असते. मास्तरांनी लगेच बोट ठेवले की तो २०२० मध्ये परत आला, मग ते सगळे नाटकच होते. फिजिओने त्यांना विचारले की त्यांचा स्वतःचा गुडघा कबड्डीत गेला तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितले होते. डॉक्टरांनी पुन्हा खेळू नका असे सांगितले होते आणि मास्तर चार वर्षांनी तालुक्याच्या सामन्यात उतरले होते. तो सामना ते हरले, पण ते वेगळे.

दोष द्यायला दुसरा कोणी नसेल तर काय, असा प्रश्न मग मीच काढला. हायाबुसा नावाचा एक जपानी मुखवटाधारी पैलवान होता, नावाचा अर्थ बहिरी ससाणा, आणि तो खरोखर दोरांवरून उडत असे. २२ ऑक्टोबर २००१ रोजी दोरावर पाय ठेवून उलटी कोलांटी मारताना पाय सटकला आणि तो डोक्यावर आला. हातपाय गेले. त्याला कोणी उचलले नव्हते, कोणाची पकड सुटली नव्हती. हजार वेळा मारलेली उडी एकदा चुकली, एवढेच. पुढे तो गाऊ लागला, अनेक वर्षांनी आधार घेऊन थोडी पावले टाकू लागला, आणि २०१६ च्या मार्चमध्ये, ४७ व्या वर्षी, गेला. बाबल्या म्हणाला, "माडावरून पडतात तसे." आमच्या वाडीत असा एक जण आहे. सकाळी दहा माड उतरवलेला माणूस अकराव्यावरून आला तो अजून खाटेवर आहे, आणि ज्याचा माड होता त्याने नारळाची एक गोण पाठवली होती.

"आणि लोक म्हणतात खोटे," फिजिओ म्हणाला.

तेव्हा मास्तर म्हणाले की खोट्याला खोटे म्हणायला त्यांना कोणाची भीती नाही, पण त्यांचा आवाज खाली आला होता. मी त्यांना विचारले की दशावतारात संकासुर मरणार हे माहीत असूनही ते दरवर्षी पहाटेपर्यंत का बसतात. ते म्हणाले, तो देवाचा खेळ आहे. मी म्हटले, देवाचा आहेच, पण तलवार घेऊन रात्रभर नाचणारा माणूस दिवसा रिक्षा चालवतो आणि त्याचे गुडघे फिजिओकडे येतात. फिजिओने मान हलवली. नावे त्याने सांगितली नाहीत, पेशंटची नावे तो कट्ट्यावर कधीच सांगत नाही.

त्या रात्री शेजारच्या गावची जत्रा होती, त्यामुळे वाद मिटण्याची वाट न पाहता आम्ही उठलो. खाजे घेतले, देवळात जाऊन आलो आणि मांडवात पुढे जागा धरली. दीडच्या सुमारास राजाची आणि राक्षसाची लढाई लागली. पखवाज चढला, झांज चढली, दोघे बाकड्याभोवती गरगर फिरले, आणि राजाच्या वाराने राक्षस उभ्या उभ्या मागच्या मागे कोसळला. खाली ताडपत्री होती, तिच्याखाली नुसती चोपलेली जमीन. मुकुट बाजूला उडाला. सगळा मांडव राजाकडे पाहत होता आणि मास्तर मात्र जमिनीवरच्या राक्षसाकडे, त्याचे डोळे उघडेपर्यंत. मग ते माझ्या कानाशी आले आणि कट्ट्यावर दुसऱ्या कशालाही न दिलेल्या कौतुकाने म्हणाले, "हणवटी आत घेतल्यान."