कॉन्व्हेंट हायस्कूल आणि दिव्यांग विद्यार्थी : एका फिरत्या मजकुराला उत्तर

बेळगाव, खानापूर आणि निपाणीतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या 'पालकांनो, वेळीच सावध व्हा' अशा मथळ्याचा एक मजकूर फिरतो आहे. कॅथलिक संस्थांच्या हायस्कुलांनी बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा डाऊन सिंड्रोम असलेली मुले आठवीच्या सर्वसाधारण वर्गात घेऊ नयेत, अशी मागणी त्यात केली आहे. कारणे पाच दिली आहेत. अशा मुलांच्या संगतीने इतर मुले 'मंद' होतात आणि त्यांना मारहाणीचा धोका असतो. दहावीचा निकाल घसरतो. अल्पसंख्याक शाळांना प्रवेश देण्याची सक्ती करणारा कायदाच नाही. या मुलांसाठी विशेष शाळा आहेत. आणि या सगळ्यामागे धर्मांतराचा डाव आहे. खानापूरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने हा मजकूर मला पाठवला आणि खाली विचारले, "अक्का, आपण अर्ज मागे घ्यायचा का?" तिच्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे आणि यंदा त्याची सातवी पूर्ण झाली आहे. ज्यांनी हा मजकूर विचार न करता पुढे ढकलला, त्यांनी तो कोणाकोणाच्या घरात पोहोचतो याचाही विचार केलेला नाही.

पहिला मुद्दा सर्वांत निराधार आहे आणि सर्वांत घातकही, म्हणून त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. मजकुराच्या लेखकाने पुरावा म्हणून 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण दिली आहे. म्हण हा वैद्यकीय पुरावा नव्हे. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे पॅरिसमधील संशोधकांनी १९५९ मध्येच जगापुढे मांडले. ही गोष्ट बहुतेक वेळा गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेली असते. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणाची अवस्था असून तिची चिन्हे बालपणीच दिसू लागतात. सेरेब्रल पाल्सी वाढत्या मेंदूला जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच झालेल्या इजेमुळे येते. यांपैकी एकही गोष्ट शेजारी बसल्याने, एका डब्यातले खाल्ल्याने किंवा एका मैदानावर खेळल्याने दुसऱ्याला होत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या धडधाकट मुलाची बुद्धी वर्गमित्राच्या सहवासाने कमी होते, असे म्हणणाऱ्याने त्याचे एक तरी उदाहरण दाखवावे. उलट डाऊन सिंड्रोम असलेली बरीच मुले ऐकण्यापेक्षा पाहून आणि अनुकरण करून लवकर शिकतात. रांगेत उभे राहणे, दप्तर भरणे, आपला नंबर येईपर्यंत थांबणे, संभाषणात उत्तर देणे हे सारे ती समवयस्कांकडे पाहून उचलतात, म्हणूनच त्यांना सर्वसाधारण वर्गाची गरज असते.

मारहाणीच्या आरोपाबद्दल एक गोष्ट मी मान्य करते. घंटेचा कर्कश आवाज, गोंगाट किंवा अचानक बदललेले वेळापत्रक यांमुळे स्वमग्न मुलाचा तोल जाऊ शकतो, आणि त्या वेळी काय करावे हे ठाऊक नसलेल्या शिक्षकाची तारांबळ उडते. शांत खोली, वेळापत्रकाची आधी दिलेली कल्पना आणि प्रशिक्षित शिक्षक एवढ्यावर असे प्रसंग पुष्कळ कमी करता येतात. परंतु धोका कोणाला अधिक आहे, याचे उत्तर मजकूर नेमके उलटे देतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला एक आढावा प्रसिद्ध झाला. १७ अभ्यास आणि १८ हजारांहून अधिक मुले यांवर तो आधारलेला होता. दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट असते, असे त्यात आढळले; मानसिक किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत लैंगिक हिंसेची शक्यता तर ४.६ पट होती. ज्या मुलांना सर्वाधिक संरक्षणाची गरज आहे, त्यांनाच धोकादायक ठरवणारा मजकूर गावभर फिरवला, तर उद्या मधल्या सुट्टीत त्यांना चिडवणाऱ्या आणि ढकलणाऱ्या मुलांना घरातूनच परवानगी मिळाल्यासारखे होते. हे नुकसान आठवीतल्या मुलाला रोज सोसावे लागते, निकालाची टक्केवारी मात्र वर्षातून एकदाच लागते.

निकालाबद्दल थोडक्यात सांगते. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये २६ अभ्यासांची छाननी करून, विशेष गरजा असलेली मुले वर्गात असल्याचा बाकीच्यांच्या प्रगतीवर काय परिणाम होतो हे तपासले. ८१ टक्के निष्कर्षांत परिणाम एकतर चांगला होता किंवा काहीच नव्हता. उरलेल्या निष्कर्षांकडे डोळेझाक करावी असे मी म्हणणार नाही. साठ मुलांच्या वर्गात एकटा शिक्षक आणि मागच्या बाकावर नुसते बसवून ठेवलेले दिव्यांग मूल, याला समावेशक शिक्षण म्हणता येत नाही. तसे केल्याने त्या मुलाचेही हित होत नाही आणि इतरांचेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माध्यमिक स्तरावर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, ते याच कारणासाठी. पालकांनी शाळेकडे विशेष शिक्षक मागावा, ही मागणी योग्य ठरेल. 'परदेशातही हा प्रयोग फसला' हे मजकुरातले वाक्यही खरे नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पोप पॉल सहावे यांच्या नावाचे कॅथलिक हायस्कूल आहे. तेथे बौद्धिक व विकासात्मक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९९८ पासून 'ऑप्शन्स' हा उपक्रम चालू आहे आणि त्यात इतर विद्यार्थी सोबती म्हणून त्यांना अभ्यासात व शाळेच्या दिनक्रमात मदत करतात.

धर्मांतराच्या आरोपावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. बेळगावात १८५६ पासून जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे सेंट पॉल्स हायस्कूल आहे आणि सर्व धर्मांच्या घरांतील मुले तेथे शिकली आहेत. दिव्यांग मुलांना घेण्यामागचा हेतू शोधायचाच असेल, तर तो १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात उघडपणे लिहिलेला आहे : वंश, परिस्थिती आणि वय कोणतेही असो, प्रत्येक माणसाला शिक्षणाचा हक्क आहे. या शाळांना कोणी जाब विचारायचाच असेल, तर या शब्दांप्रमाणे त्या अजून पुरेशा का वागत नाहीत, एवढाच विचारावा.

विशेष शाळांबद्दल मात्र अर्धे सत्य आहे. ज्यांना सतत शारीरिक देखभाल किंवा अतिशय शांत वातावरण लागते, अशा काही मुलांसाठी विशेष शाळाच बरी असते आणि तेथील शिक्षकांचे कौशल्य मोठे असते. पण ही निवड करण्याचा अधिकार पालकांच्या गटाला कोणी दिला? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. खानापूरहून बेळगाव सुमारे २५ किलोमीटर आहे आणि कणकुंबी, जांबोटीकडच्या घरांना ते त्याहून दूर पडते. रोज एवढा प्रवास करून कोणत्या मुलाने कोठे शिकावे, हे त्याचे आईवडील आणि त्याला तपासणारे तज्ज्ञ ठरवतील.

उरला कायदा. लेखकाला सर्वाधिक खात्री याच मुद्द्याची आहे, कारण त्याने ऐकलेली गोष्ट अर्धी खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 'प्रमाती' खटल्यात ६ मे २०१४ रोजी शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असा निर्णय दिला, हे बरोबर आहे. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची भूमिका घेतली. परंतु दिव्यांग मुलाचा प्रवेश केवळ त्या कायद्यावर अवलंबून नाही. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १६ सरकारने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांविषयी बोलते. त्यांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत वापरण्याजोगी करावी आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्याव्यात, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. अल्पसंख्याक संस्थांना वगळणारी एकही ओळ त्या कलमात नाही. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद आहे. घरी मराठी, वर्गात इंग्रजी आणि शिवाय कन्नड व हिंदी, असा चार भाषांचा भार उचलणाऱ्या आपल्या सीमाभागातील मुलासाठी ही शेवटची सवलत किती मोलाची आहे, हे येथील प्रत्येक शिक्षकाला कळेल. दहावी त्याही मार्गाने जमणार नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा पाच विषयांवर आणि एकाच भाषेवर देता येते.

म्हणून ज्यांचे अर्ज शाळांत पडून आहेत, त्यांनी तोंडी नकारावर परत फिरू नये. नकार लेखी मागावा, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत अर्जाला जोडावी आणि जिल्हा शिक्षण कार्यालयातील समन्वय अधिकाऱ्याकडे दाद मागावी. याच अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांतील नियम ७ प्रमाणे दिव्यांग मुलांच्या प्रवेशाची व सोयींची प्रकरणे पाहण्यासाठी प्रत्येक जिल्हा शिक्षण कार्यालयात असा अधिकारी असणे आवश्यक आहे. आपल्याकडे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. खानापूरकरांनी बेळगावच्या आणि निपाणीकरांनी चिक्कोडीच्या कार्यालयात अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. तेथेही दखल घेतली गेली नाही, तर बेंगळुरूमधील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.