खुलासा: बाळंतपणातला ताजा पडदा थेट जखमेवर लावू नका

‘वारेसोबत (प्लासेंटासोबत) येणारा पातळ पडदा धुऊन भाजलेल्या जागी लावा, त्यातल्या स्टेम सेल नवी कातडी तयार करतात’ असा मेसेज फिरतो आहे. पडदा उपयोगी आहे हे खरं. बाकी सांगितलेलं मात्र धोक्याचं आहे.

धुण्याने एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी किंवा सिफिलिसचा संसर्ग जात नाही. म्हणून टिश्यू बँक (दान केलेल्या ऊती तपासून साठवणारी संस्था) आधी दात्या आईच्या रक्ताची तपासणी करते आणि शक्यतो नियोजित सिझेरियनमधलाच पडदा घेते, कारण योनिमार्गातून येताना त्याला जंतू लागतात. मग सलाइनने रक्त धुऊन, ॲम्निऑन (पडद्याचा आतला, बाळाकडचा थर) कोरिऑनपासून (बाहेरच्या थरापासून) बोटाने अलगद सोडवून, तो ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर गोठवून किंवा सुकवून ठेवतात. सुकवलेला बहुधा गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात.

यात बहुतेक पेशी मरतात, तरीही पडदा काम करतो. म्हणजे श्रेय मुख्यतः जिवंत स्टेम सेलचं नाही. आधारपटलाच्या (पडद्यातल्या पेशींखालच्या पातळ थराच्या) जाळीवर रुग्णाच्याच पेशी सरकतात आणि झाकलेली जखम कमी दुखते.

लावतानाही चुका होतात. मेलेली ऊती आधी काढावीच लागते. बाजू ओळखायला कोरड्या स्पंजचं टोक टेकवा: चिकट तंतू ओढले गेले तर ती स्ट्रोमाची (आधारपटलाखालच्या तंतुमय थराची) बाजू, त्वचेच्या जखमेवर सहसा तीच खाली. खाली स्राव साचला तर पडदा उचलला जातो, म्हणून बारीक छेद देतात. पू असेल तर झाकणं घातकच. पूर्ण जाडीच्या (कातडीचे सगळे थर जळलेल्या) भाजण्यात हा तात्पुरता आडोसा आहे. तिथे त्वचारोपण टळत नाही.