हप्ता येईना, भाडं थांबेना

"जोत्यापर्यंत बांधा, फोटो काढतो, मग अनुदानाचा हप्ता सोडतो." पंतप्रधान आवास योजनेच्या साहेबांचं हे ऐकून आमच्या गल्लीतल्या अक्कांनी राहता पत्र्याचा निवारा पाडला. जोतं झालं. साहेब मोबाईल घेऊन आले, अक्कांना जोत्यावर उभं करून फोटो काढला, गेले. तेव्हापासून कधीही विचारा, उत्तर एकच: "वरून निधी आला नाही." अरे, वर म्हणजे नेमकं कुठं?

2015 साली ही योजना आणताना सरकार म्हणालं होतं, 2022 पर्यंत सर्वांना घर. आता योजनेला 2.0 लावूनही झालं, अक्का मात्र भाड्याच्या खोलीत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं. हजार विड्या वळता वळता दिवस मावळतो. त्यातनं भाडं भरायचं की सळईवाल्याची उधारी? अनुदान अडीच लाख, केंद्राचे दीड, राज्याचा एक. तेही टप्प्याटप्प्यानं, म्हणजे आधी पदरचे घाला. पदरात असते तर योजनेच्या दारात कशाला गेल्या असत्या त्या?

आणि लगेच सोलापूरजवळच्या कुंभारीचं सांगू नका. तिथल्या रे नगर या कामगार वसाहतीची 30,000 घरं, त्यातल्या 15,000 चं लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांनी केलं, छानच झालं. पण ते कामगारांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून ओढून आणलंय. आता प्रत्येक गल्लीनं मोर्चाच काढायचा का?

जोत्यावर बाभूळ उगवलीय. परवा एक नवे साहेब आले. म्हणे, परत फोटो लागेल, जुना ॲपमध्ये दिसत नाही.