जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा का नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

राजापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या दुरुस्तीवर मी लिहिलेला लेख आपण बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने मतभेद कळवलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, चुन्याचा आग्रह ही केवळ जुन्याची ओढ आहे. आपल्या काकांनी पंधरा वर्षांपूर्वी घराला सिमेंटचा गिलावा केला, त्याला अजून साधा तडाही गेलेला नाही. आणि आम्ही कौले उतरवून स्लॅब टाकला असता, तर दरवर्षी घर शाकारण्याची कटकट कायमची मिटली असती.

काकांच्या घराबद्दल आपण लिहिता ते खरेच असणार. मात्र ते घर मुळात सिमेंटमध्ये बांधलेले आहे, असेही आपणच लिहिले आहे, आणि आपल्यातला सगळा मतभेद त्या एका वाक्यात आहे. आमच्या घराचे चिरे, म्हणजे जांभ्याचे तासलेले दगड, चुन्यात बसवलेले आहेत, आणि पायावर ओल अडवणारा कोणताही थर नाही. जांभा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना तासता येईल इतका मऊ असतो, उघड्यावर हवा लागली की कडक होतो, पण पाणी शोषण्याचा त्याचा गुण जात नाही. तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात अशा भिंतीत जमिनीतून ओल चढणारच. प्रश्न एवढाच असतो की पुढचे आठ महिने ती ओल कोणत्या वाटेने बाहेर पडते.

आमच्या माजघराच्या मागच्या भिंतीला ओल येते म्हणून सुमारे वीस वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या सल्ल्याने चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. दोन पावसाळे भिंत कोरडी दिसली आणि घरात सगळ्यांना समाधान वाटले. नंतर ओल गिलाव्याच्या वरच्या कडेवर उमटू लागली आणि हळूहळू देवाच्या कोनाड्यापर्यंत पोहोचली. गेल्या एप्रिलमध्ये, म्हणजे पाऊस जाऊन सहा महिने झाल्यावर, आम्ही तो गिलावा फोडला. त्याचे ताटाएवढे तुकडे अखंड निघत होते, आणि मागचा चिरा हाताला गार व ओलसर लागत होता. त्यावर कापसासारखा लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुलला होता, आणि दरजांतला चुना नुसते बोट फिरवले तरी पिठासारखा गळत होता. बाहेरून टणक दिसणाऱ्या गिलाव्याच्या आड भिंत वीस वर्षे आतून पोखरली जात होती, हे पाहून माझ्या वडिलांना फार वाईट वाटले, आणि मलाही.

असे होण्याचे कारण सरळ आहे. ओल चिऱ्यातून बाहेर पडायला निघाली की तिच्यासोबत विरघळलेले क्षार पृष्ठभागाकडे येतात; गिलावा घट्ट असेल तर ते त्याच्यामागे साचून स्फटिक होतात, फुगतात आणि दगडाचा भुगा करतात. चुन्याचा गिलावा वाफेला वाट देतो, आणि कालांतराने झिजला तरी तो स्वतः झिजतो, चिरा वाचतो. तो पाच-दहा वर्षांनी पुन्हा करावा लागला, तर मला त्यात काही गैर वाटत नाही.

तरीही गिलाव्याआधी आम्ही दुसरेच काम केले, आणि मूळ लेखात ते मी दोन ओळींत उरकले, ही माझी चूक. परसातली माती वर्षानुवर्षे साचून जोत्याच्या वर आली होती आणि पागोळीचे पाणी भिंतीशीच मुरत होते. ती माती काढून चर खणला आणि पाणी उताराला लावले. ओल त्यानेच निम्म्याहून कमी झाली. एखाद्याकडे पैसे थोडेच असतील तर त्याने आधी हेच करावे.

खर्चाबद्दलचा आपला आक्षेप मला मान्य आहे. चुन्याचे काम आम्हाला सिमेंटच्या जवळजवळ दीडपट पडले. हे काम जाणणारा गवंडी शोधण्यात दोन महिने गेले. भिजवलेला चुना मुरू द्यावा लागतो, आणि गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश दगड होतो, त्यामुळे पातळ थर देऊन प्रत्येक थराला वेळ द्यावा लागतो. पावसाळ्यात ते शक्य नव्हते, म्हणून पावसाळाभर भिंत उघडीच ठेवली आणि गिलावा दिवाळीनंतर केला.

स्लॅबचे मात्र मला पटत नाही. चार इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो भरते. वासे-रिपा धरूनही मंगलोरी कौलांच्या छपराचे वजन त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके असते. दरजा पोकळ झालेल्या भिंतींवर एवढा बोजा टाकण्याचे धाडस मी करणार नाही. वानरे कौले फोडतात, हे आपले म्हणणे खरे आहे. यंदा आमची चाळीसेक कौले गेली, आणि त्यावर खात्रीचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

न्हाणीघराबद्दल आपण विचारलेत. तिथे आम्ही सिमेंटच वापरले आहे, पण जुन्या भिंतीला न चिकटवता मध्ये चार इंचांची पोकळी सोडून स्वतंत्र विटांची भिंत उभारली आहे, आणि त्या पोकळीला वर-खाली झरोके ठेवले आहेत.