मजूर मिळत नाहीत, तरी बाईचा रोज का वाढत नाही?

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की राजापूर-देवगड पट्ट्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : कामाला माणसे मिळत नाहीत. ही तक्रार खोटी नाही. तरुण मुले मुंबई-पुण्याला गेलेली, घरात म्हातारी माणसे उरलेली आणि राखणीपासून फवारणीपर्यंतची बरीच कामे नेपाळहून आलेल्या कामगारांच्या हाती गेलेली, हे चित्र आता गावोगाव आहे. ज्याची टंचाई त्याचा भाव चढतो, असे अर्थशास्त्र सांगते, आणि पुरुषांच्या बाबतीत ते खरेही ठरले. झाडावर चढून आंबा उतरवणाऱ्या गड्याचा रोज गेल्या काही वर्षांत चांगला वाढला. बाईचा रोज मात्र मागेच राहिला. आमच्या भागात गड्याला सहाशे मिळत असतील तर बाईला साडेतीनशे मिळतात, आणि यात कोणाला काही वावगे वाटत नाही. टंचाई दोघांचीही असेल, तर भाव एकाचाच का चढावा? ‘बाजारभाव तसाच आहे’ एवढे सांगून हा प्रश्न मिटवता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आमच्या घरची आंब्याची कलमे आहेत, त्यामुळे मजुरी देणाऱ्याच्या अडचणीही मला ठाऊक आहेत.

नेहमीचे उत्तर असे असते की पुरुषाचे काम जड आणि जोखमीचे असते. झाडावर चढणे, फवारणीचा पंप चालवणे, फांद्या तोडणे ही कामे जोखमीची आहेत आणि त्यांना जास्त दाम मिळायलाच हवा, यात वादच नाही. पण मग तो दाम त्या कामाला मिळाला पाहिजे; करणारा पुरुष आहे म्हणून नव्हे. आमच्याकडे होते असे की, ज्या दिवशी झाडावर चढायचे नसते आणि गडीही खळ्यात बसून बायकांच्या बरोबरीने आंबा निवडत असतो, त्या दिवशीही त्याचा रोज सहाशेच असतो. भाताच्या लावणीत तर बाई आणि पुरुष एकाच चिखलात, एकाच ओळीत, सारखेच वाकलेले असतात आणि संध्याकाळी पैसे मात्र वेगवेगळे मोजले जातात. बायका घरचे आवरून उशिरा येतात, असेही कारण दिले जाते. ते खरे असेल तर तासावर हिशेब करावा; तासाच्या हिशेबाने पडणारा फरक इतका मोठा निघत नाही.

शिवाय निवडण्या-भरण्याचे काम हलके आहे, हे ठरवले कोणी? फळ चौदा आणे तयार आहे की अजून कोवळे आहे, हे रंगावरून आणि देठाजवळच्या खांद्यांच्या भरीवपणावरून ओळखावे लागते. देठ मोडून चीक ओघळलेले फळ बाजूला काढावे लागते, कारण तो डाग चार दिवसांत काळा पडतो आणि पेटीचा भाव उतरतो. वजनाप्रमाणे वर्गवारी करून, दबणार नाहीत अशी फळे पेंढ्यात बसवावी लागतात. यातली एक चूक वाशीच्या बाजारात पेटी उघडल्यावर दिसते आणि तिचा फटका संपूर्ण मालाच्या भावाला बसतो. बागायतदाराच्या वर्षभराच्या खर्चाचे मोल ज्या हातांवर ठरते, ते हात बहुतेक बायकांचे असतात. काजूच्या कारखान्यांतही तेच आहे. टरफलातल्या तेलाने बोटांची सालटी जातात, गर अखंड निघाला तर भाव वेगळा आणि पाकळी झाली तर वेगळा, आणि हे नाजूक काम वर्षानुवर्षे बायकाच करत आल्या आहेत. आपण ज्याला ‘बायकांचे काम’ म्हणतो, त्यातले कौशल्य आपण फुकटात धरून चालतो, आणि मजुरीतल्या भेदभावाची सुरुवात तिथूनच होते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. एखाद्या मालाला गिऱ्हाईकच एक असेल तर विकणाऱ्याला पडेल तो भाव घ्यावा लागतो. श्रमाच्या बाजारातही असे घडते, हे जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९३३ साली मांडले, आणि स्त्रियांना सारख्या कामाला कमी मजुरी का मिळते, याचे एक स्पष्टीकरणही त्याच मांडणीतून पुढे आले. काम देणारा एकटाच असला पाहिजे असेही नाही. काम करणाऱ्याला दुसरीकडे जाण्याची सोय नसली तरी पुरे. आमच्या वाड्यांत नेमके हेच आहे. पुरुषाला रोज पटला नाही तर तो मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात जाऊन बोटीवर चढू शकतो, चिऱ्याच्या खाणीवर जाऊ शकतो, गोव्याला बांधकामावर जाऊ शकतो. बाईला सकाळचे पाणी, भाकरी, गुरे आणि मुलांची शाळा उरकून निघायचे असते आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत परतायचे असते. शेवटची एसटी चुकली तर रात्र काढायला जागा नाही. पायी जाऊन येता येईल एवढ्या टापूतच तिचा बाजार संपतो, आणि त्या टापूत काम देणारी घरे चार-पाचच असतात. ती घरेही बहुधा भावकीतली किंवा गावकीतली असतात. दुखण्याखुपण्याला, लग्नकार्याला उसने पैसे तिथूनच मिळायचे असतात, मग रोज वाढवून मागायला तोंड कसे उघडावे? टंचाई असूनही तिचा भाव चढत नाही, कारण तिला उठून दुसरीकडे जाता येत नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते.

यावर गॅरी बेकर यांचा एक प्रसिद्ध युक्तिवाद आहे. १९५७ साली त्यांनी मांडले की बाजारात खरी स्पर्धा असेल तर भेदभाव करणाऱ्या मालकाला तो महागात पडतो, कारण दुसरा मालक त्याच कामगारांना थोडे जास्त देऊन आपल्याकडे ओढतो आणि दोघांमधला फरक हळूहळू मिटतो. कागदावर हे पटते. प्रत्यक्षात काय होते, ते मी पाहिले आहे. आमच्या घरी निवडण्या-भरण्याच्या कामाला स्त्री-पुरुष न पाहता एकच दर लावायला सुरुवात केली, तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली ती इतर बागायतदारांची : ‘तुम्ही गावाचा रेट बिघडवलात.’ ॲडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवले आहे की मजुरी वाढू न देण्याबाबत मालकांमध्ये नेहमीच एक मूक एकी असते आणि ती मोडणाऱ्याला शेजारी नावे ठेवतात. मालकांच्या या एकीला आपण ‘गावाचा रेट’ म्हणतो आणि मजुरांनी एकी केली की तिला ‘युनियनबाजी’ म्हणतो.

कायदा या बाबतीत मुळीच मोघम नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात आहे. १९७६ साली समान वेतनाचा स्वतंत्र कायदा झाला. ती तरतूद आता २०१९च्या वेतन संहितेत आली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला लिंगावरून वेगळे वेतन देता येत नाही, असे तिच्या सुरुवातीलाच म्हटले आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका जहाज कंपनीतल्या महिला लघुलेखकांच्या प्रकरणात निकाल दिला, तो तर प्रत्येक बागायतदाराने वाचावा असा आहे. समान वेतन देण्याची ऐपत नाही, हे कारण न्यायालयाने मान्य केले नाही, आणि कामगार संघटनेशी झालेल्या करारातच वेतन असे ठरले होते, हेही मान्य केले नाही.

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. आज कोकणात दिसणाऱ्या आंबा-काजूच्या कितीतरी बागा १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फलोद्यान योजनेतून उभ्या राहिल्या. त्या रोजगार हमीच्या दरपत्रकात बाई आणि पुरुष असा फरक नव्हता. खड्ड्याच्या मापाला दर होता. सरकारी पैशातून समान दराने खणलेल्या खड्ड्यांत वाढलेल्या कलमांखाली आज दोन वेगळे रोज चालतात.

मग कायदा असून तो पोचत का नाही? आंब्याच्या बागांत सरकारी कामगार अधिकारी येत नाहीत आणि बाई तक्रार करायला जात नाही, कारण उद्याचे काम त्याच दारातून मिळायचे असते. इथे संघटना लागते. आंब्याची तीच पेटी वाशीला पोचते, तेव्हा ती उतरवणारा माथाडी कामगार मंडळात नोंदलेला असतो. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला, मालक, कामगार आणि शासन यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे आली, आणि मजुरीबरोबर मालकाकडून लेव्ही म्हणजे ठरावीक जादा रक्कम जमा होऊन भविष्य निर्वाह निधी, औषधोपचार अशा सोयी मिळू लागल्या. हमालाचाही मालक रोज बदलतो, त्याचेही काम हंगामी असते, त्याच्याकडेही कागद नव्हता. जी कारणे सांगून शेतमजूर बायकांना संघटित करणे अशक्य आहे असे म्हटले जाते, ती सगळी कारणे माथाडींनाही लागू होती. एकाच पेटीवर दोन टोकांना दोन कामगार राबतात. एकाच्या पाठीशी मंडळ आहे आणि दुसरीच्या पाठीशी कोणी नाही.

कोकणात ‘युनियन’ म्हटले की माणसे दचकतात, आणि ते मी समजू शकते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांत आपल्याकडचे चाकरमानी किती होते, हे कोणत्याही वाडीत विचारावे. मनीऑर्डरी थांबल्या, माणसे परत आली, कितीतरी घरे पुन्हा सावरलीच नाहीत. पण त्या संपामागे एक जुनी गाठ होती, ती सहसा सांगितली जात नाही. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता. कामगार डॉ. दत्ता सामंतांबरोबर आणि अधिकार दुसऱ्या संघटनेकडे, अशी ती कोंडी होती. त्यावरून संघटनाच नको, असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही.

संघटना आपोआप न्यायी असते, असेही मी म्हणत नाही. गिरण्यांमध्ये जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना येऊ दिले जात नव्हते, कारण धोट्यात धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांनी उष्टावलेल्या धाग्याचा इतर कामगार विटाळ मानत. डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न विचारला, तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्यांचीही अडचण झाली. एके काळी गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. पुढे त्यांची संख्या घटत गेली, आणि त्यांच्यासाठी पुरुषांच्या संघटना नेटाने लढल्या असे दिसत नाही. म्हणून बायकांचा दर ठरवणारी संघटना बायकांचीच असावी.

तिला संपाची गरज पडेलच असे नाही. कोकणाला एकीची परंपराही नवी नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी न कसता काढल्या, आणि पुढे कूळकायद्याची वाट त्यातून मोकळी झाली. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेची नोंदणी करायला घेतली, तेव्हा तुमचा मालक कोण, असा आक्षेप आला होता. संघटना मालकाविरुद्ध असावी लागत नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते, हे त्यांनी मान्य करून घेतले. आपल्याकडे बचत गट तर प्रत्येक वाडीत आहेत. दर महिन्याला बसणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, एकमेकींना अडीनडीला पैसे देणाऱ्या या गटांनी हंगामापूर्वी दर ठरवून तो सगळ्या बागायतदारांना एकदमच सांगितला, तर एकटीने मागण्याची भीती राहत नाही. गटाकडून कर्ज मिळत असल्याने मालकाच्या उसनवारीचे ओझेही कमी होते.

छोट्या बागायतदाराला हे परवडणार नाही, ही हरकत मी हलक्यात घेत नाही. थ्रिप्स ही कीड, अवकाळी पाऊस, औषधांचे दर आणि दलालाची उचल यांनी त्याचे कंबरडे मोडले आहे. पण दलालापुढे आपल्याला भाव मागता येत नाही, म्हणून ती कसर बाईच्या रोजातून काढायची, हा न्याय नव्हे. मजुरी वाढवली तर कामच जाईल, अशीही भीती घातली जाते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ साली किमान वेतन वाढवले, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली आणि तिथल्या फास्ट फूड हॉटेलांतला रोजगार घटल्याचे त्यांना दिसले नाही. कार्ड यांना २०२१चे नोबेल मिळाले. यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत, तरी जिथे काम देणारे मोजके असतात तिथे मजुरी वाढूनही रोजगार टिकू शकतो, ही गोष्ट आता गंभीरपणे मानली जाते. आणि आमच्याकडे तर प्रश्नच नाही : बायकांना घेतले नाही तर आंबा निवडणार कोण?

आमच्या वाडीतल्या गटांची हंगामापूर्वी याच विषयावर बैठक व्हायची आहे. दर एकच असावा, यावर बहुतेकींचे एकमत आहे. तो तासावर लावायचा की पेटीवर, एवढाच वाद उरला आहे. पेटीवर दर लावला तर चपळ हाताच्या बायकांना जास्त मिळेल, हे खरे. माझे मत मात्र तासाच्या बाजूने आहे, कारण पेटीच्या दराने घाई होते, कोवळे फळ आत जाते, वाशीला भाव पडतो आणि त्याचा दोष पुन्हा भरणाऱ्या बाईवरच येतो.