न निघणारा नट तोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

घरच्या पार्किंगमध्ये मोटारीचे इंजिन उघडण्याचा संकल्प ज्यांनी केला आहे, त्यांनी सर्वप्रथम मुहूर्त पाहावा. रविवारी सकाळी साडेदहाचा मुहूर्त सर्वोत्तम होय, कारण तोवर सोसायटीतील अनुभवी मंडळी पेपर वाचून मोकळी झालेली असतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्यासाठी नेमकी तीच गाडी लागणार असते. गाडी मारुती ८०० असावी. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले; म्हणजे त्या कुळातील सर्वांत धाकट्या गाडीनेही आज दहाहून अधिक पावसाळे पाहिलेले असतात. त्यांतील निम्मे तिने रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत काढले असतील आणि मग ती पुण्यात आपल्या गळ्यात पडली असेल, तर आपल्यासारखे भाग्यवान आपणच. ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे ते आटोपशीर इंजिन कोणालाही उघडता येते असे व्हिडिओत सांगितलेले असते, आणि व्हिडिओतला प्रत्येक नट खरोखरच दोन बोटांनी सुटतो.

हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, गॅस्केट (त्याखालची फट बुजवणारी चकती) बदलायचे म्हणजे हेड उचलावे लागणार, आणि हेड उचलायचे म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे धूर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, त्यापासून सोडवावा लागणार. बाकीचे नटबोल्ट मुकाट्याने निघतील. त्यांच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही. आपला खरा विषय तो एकच, मॅनिफोल्डच्या अगदी कोपऱ्यातला, ज्याच्यापर्यंत हात पोहोचतो पण नजर पोहोचत नाही, असा तपकिरी गोळा. तो एके काळी षट्कोनी नट होता. ज्या स्टडवर, म्हणजे आटे पाडलेल्या दांडीवर, तो बसला आहे तो पोलादाचा, स्टड ज्या हेडात रुतला आहे ते अ‍ॅल्युमिनियमचे, आणि या दोन धातूंच्या मध्ये कोकणातले खारट पाणी वर्षानुवर्षे घटस्थापना करून बसलेले. त्यामुळे आत एक लहानशी बॅटरीच चालू असते आणि ती अ‍ॅल्युमिनियम खात राहते. बाहेरच्या अंगाला लोखंडाचा गंज धरतो आणि तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. आट्यांमध्ये तेवढी जागा नसते, म्हणून तो घट्ट बसतो. इंजिन रोज तापते, रोज निवते, आणि गंजाची पकड रोज थोडी पक्की होते. एवढ्या वर्षांचा हा संसार आपण जेवणाच्या आत मोडणार आहोत, हा आत्मविश्वास ढळू देऊ नये.

काही जुनाट विचारांचे मिस्त्री असे सांगतात की, शुक्रवारी रात्रीच नटावर थोडे रॉकेल किंवा डिझेल सोडावे, शनिवारी सकाळ-संध्याकाळ पुन्हा सोडावे, मधूनमधून हातोडीने हलकेच टिचक्या माराव्यात म्हणजे तेल आट्यांमध्ये उतरते, आणि मगच पाना उचलावा. हा सल्ला अर्थातच ऐकू नये. दोन दिवस वाट पाहणे हे ज्यांना दुसरे काम नाही त्यांना शोभते. आपण ऐनवेळी निळ्या-पिवळ्या डब्यातले डब्ल्यूडी-४० फवारावे आणि फेस विरण्याआधीच पाना लावावा. ते द्रव्य १९५३ साली सॅन दिएगो येथे मुळात पाणी दूर सारून गंज रोखण्यासाठी तयार झाले आणि त्याच्या नावातला आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. करणाऱ्यांनी चाळीस खेपा धीर धरला, तेव्हा आपण चाळीस सेकंद धरण्याची आवश्यकता उरत नाही.

पाना निवडताना घरात जो सापडेल तोच योग्य मानावा. गंजाने नटाचे कोपरे आधीच झिजलेले असतात. अशा वेळी सहा कोनांची गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) नटाच्या सपाट बाजूंना धरते आणि तो सुटण्याचा धोका निर्माण होतो. त्यापेक्षा बारा कोनांची, शक्यतो थोडी सैल गोटी घ्यावी, म्हणजे उरलेले कोपरेही गुळगुळीत होतात. बारा नंबरचा नट गंजून बाराचा राहिलेला नसतो, तेव्हा त्यावर तेराची गोटी ‘जवळजवळ बसते’ असे आढळून येईल. या ‘जवळजवळ’वर आपल्याकडे बरीच राष्ट्रीय कामे चालतात. उघड्या तोंडाचा फिक्स पाना त्याहून सरस, कारण तो निसटला की आपली बोटे थेट मॅनिफोल्डच्या धारदार कडेवर जातात आणि पुढील कार्यास आवश्यक तो आवेश अंगात संचारतो.

आता पाईप. प्रत्येक घराच्या माळ्यावर नळाच्या कामातून उरलेला तीन फुटी लोखंडी पाईप असतो आणि त्याचा जन्मच मुळी या क्षणासाठी झालेला असतो. आठ मिलिमीटर जाडीचा साधा बोल्ट कसायला वीस ते पंचवीस न्यूटन-मीटर जोर पुरतो. तीन फुटी पाईपच्या टोकावर आपण नुसते पस्तीस किलो वजन टाकले तरी तो आकडा तीनशेच्या पुढे जातो. ही गणिते कागदावर करू नयेत, मन कचरते. पाईप दांड्यावर चढवावा, पाय पुढच्या बंपरला टेकवावा, कुलदैवताचे स्मरण करावे आणि एकाच दिशेने, न थांबता, ताकद लावावी. आधी नट किंचित कसून पाहावा म्हणजे गंजाची पापुद्री फुटते, मग पाव फेरा सोडावा, पुन्हा थोडा कसावा, पुन्हा तेल द्यावे, असे पुढे-मागे करत त्याला फसवून बाहेर काढावे, ही रीत बुद्धिबळ खेळणाऱ्यांसाठी आहे. आपण कुस्ती खेळत आहोत.

येथे एका सूक्ष्म गोष्टीकडे लक्ष न देण्याविषयी मुद्दाम सांगावेसे वाटते. खरोखर सुटणारा नट ‘कट्ट’ असा कोरडा आवाज करतो, आणि त्यानंतर करकरत का होईना, फिरू लागतो. तुटणारा स्टड तसा आवाज करीत नाही. तो आधी स्प्रिंगसारखा मागे येतो, मग अचानक मऊ होतो. पाना फिरतो, परंतु चिक्कीचा पाक ओढावा तसा फिरतो, आणि हाताला असा सुखद भास होतो की, निघाला एकदाचा. पोलाद ज्या मर्यादेपर्यंत ताणून पूर्ववत होते ती मर्यादा ओलांडली गेली असून आता स्टड पिळला जात आहे, एवढाच या मऊपणाचा अर्थ असतो. जाणकार माणूस या क्षणी हात थांबवतो, आणि म्हणूनच जाणकार माणसाच्या आयुष्यात काही घडत नाही. आपण थांबू नये. उलट शेजारच्या काकांना मोठ्याने सांगावे, ‘काका, सुटला बघा!’ काका पुढे वाकतील, आणि त्याच वेळी पाना, गोटी, नट आणि अर्धा स्टड एकत्र आपल्या हाती येईल. उरलेला अर्धा हेडाच्या पृष्ठभागाशी अगदी समपातळीत तुटलेला असेल. त्याला पकडीने धरता येणार नाही इतपत काळजी निसर्ग नेहमीच घेतो. काका म्हणतील, ‘मी म्हणणारच होतो.’

ब्लो लॅम्पचा प्रयोग थोडक्यात आटोपावा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून स्टडभोवतीचे हेड सावकाश तापवले तर पकड ढिली होते. आपण मात्र ज्योत एकाच जागी धरावी आणि अ‍ॅल्युमिनियम लाल होण्याची वाट पाहावी. ते लाल होत नाही, ६६० अंशांना सरळ वितळते. कार्ब्युरेटर जवळच असतो याची आठवण काका करून देतील.

मग ड्रिल. तुटलेल्या स्टडच्या बरोबर मध्यावर सेंटर पंचने खूण करण्याचे सोपस्कार टाळावेत, म्हणजे ड्रिलचे टोक कठीण पोलादावरून घसरून शेजारच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये समाधानाने उतरते. उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने भोक पाडताना कधी कधी स्टड आपोआप बाहेर येतो असे ऐकिवात आहे, म्हणून ते विकत घेऊ नये. जे तिरके भोक पडेल त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ठोकावा. तीनशे न्यूटन-मीटरला न सुटलेला स्टड पेन्सिलीएवढ्या कांडीने सुटेल ही कल्पना मोठी मनोहर आहे. एक्स्ट्रॅक्टर अतिशय कठीण पोलादाचा, त्यामुळे तितकाच ठिसूळ असतो. तो स्टडच्या पोटात मोडतो, आणि आता आपल्याजवळ असा अडथळा तयार झालेला असतो की, ज्यावर घरातले कोणतेही ड्रिल ओरखडासुद्धा उमटवू शकत नाही. येथवर पोहोचायला सामान्य माणसाला संध्याकाळचे सात वाजतात.

सोमवारी हेड गोणपाटात गुंडाळून रिक्षाने नाक्यावरच्या वेल्डरकडे न्यावे. तो ते उलटसुलट करून पाहील आणि काही विचारणार नाही. त्याचे न विचारणे सहन करण्याची तयारी असावी. नुसता तुटका स्टड असता तर त्यावर एक नट ठेवून, नटाच्या भोकातून वेल्डिंग भरून, निवल्यावर साध्या पान्याने तो चहा येण्यापूर्वी फिरवून काढला असता, असे तो सहज बोलून जाईल. परंतु वर एक्स्ट्रॅक्टरचा तुकडा अडकलेला असल्यामुळे वेल्डिंग स्टडला धरणार नाही, तेव्हा तो आपल्याला भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील स्पार्क इरोजनवाल्याचा पत्ता देईल.

तेथील यंत्र पाहण्यासारखे आहे. तांब्याची एक कांडी धातूला स्पर्श न करता त्याच्या अगदी जवळ येते, मधल्या फटीत ठिणग्या पडत राहतात आणि कितीही कठीण पोलाद कणाकणाने झडत जाते. घाई मात्र चालत नाही. यंत्र मागेल तितका वेळ बाकावर बसून राहावे लागते. ठिणग्या नीट पडाव्यात आणि झडलेला चुरा वाहून जावा, यासाठी हे सारे काम वीज न वाहणाऱ्या तेलात बुडवून करावे लागते. कारागीर आपले हेड टाकीत अलगद उतरवेल आणि डब्यातून वर ते तेल ओतू लागेल. वास ओळखीचा वाटला म्हणून आपण विचारलेच, तर तो सांगेल की, या कामाला जुन्या काळापासून रॉकेलच वापरतात.