"तरुण डिफेन्समन घेऊ नका" या मेसेजला माझं उत्तर

कीपर लीगचा (जिथे खेळाडू पुढच्या वर्षीही स्वतःकडे ठेवता येतात) ड्राफ्ट, म्हणजे खेळाडू निवडायची फेरी, जवळ आला की आमच्या टोरोंटोच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतोच, एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) फँटसी, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम बांधून त्यांच्या आकड्यांवर खेळायचा खेळ, खेळणाऱ्या बऱ्याच जणांनी तो वाचला असेल. म्हणणं असं की तरुण डिफेन्समनवर (बचाव करणाऱ्यांवर) पिक, म्हणजे निवडीची पाळी, वाया घालवू नका, त्यांना तयार व्हायला 300 मॅचेस लागतात, फॉरवर्ड (हल्ला करणारे) लगेच पॉइंट्स (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला दिलेले पास) देतात, घ्यायचाच तर एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दहात गेलेला उंचापुरा घ्या, आणि बाकीचे नंतर वेव्हरवर, म्हणजे कोणीच न घेतलेल्यांच्या यादीत, मिळतातच. नवीन पोरं हे वाचून टीम बांधतात आणि मग तीन-तीन वर्षं तळाला राहतात, मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

300 मॅचेस? केल मकारने 2019-20 मध्ये, पहिल्याच पूर्ण सीझनला, 57 मॅचेसमध्ये 50 पॉइंट्स केले. त्याच वर्षी क्विन ह्यूजचे 68 मध्ये 53. मेसेजवाला विसरतो ते हे, की ही पोरं कॉलेज हॉकी खेळून आली होती, मकार मॅसॅच्युसेट्सला दोन वर्षं, ह्यूज मिशिगनला दोन वर्षं, अॅडम फॉक्स तर हार्वर्डला तीन. म्हणजे वाट बघावी लागते हे खरंय, पण ती वाट बरीचशी एनएचएलच्या आधीच संपलेली असते, म्हणून कॉलेजला जाणाऱ्या पोरांसाठी मी अठराव्या वर्षी घाई करत नाही, पोरगा कॉलेज सोडून एनएचएल टीमशी सही करतो त्या सुमाराला उचलतो.

फॉरवर्ड लगेच पॉइंट्स देतात हे तर घरातच खोटं पडलंय. त्याच 2019-20 मध्ये क्विनचा धाकटा भाऊ जॅक, फॉरवर्ड, 2019 च्या ड्राफ्टचा पहिला नंबर, 61 मॅचेसमध्ये 21 पॉइंट्स. दुसऱ्या नंबरचा काप्पो काक्को, 66 मध्ये 23. जॅक पुढे मोठा खेळाडू झालाच, पण "लगेच" कुठे होतं?

आता खरा मुद्दा, जो त्या मेसेजमध्ये अजिबातच नाही: पहिला पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना उतरणारी पहिली पाच जणांची फळी) कोणाकडे आहे. बहुतेक टीम्स तिथे चार फॉरवर्ड आणि एकच डिफेन्समन उतरवतात, टीम्स 32, म्हणजे अशा जागा साधारण 32. आपल्या 12 जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाला 4 डिफेन्समन लावायचे म्हणजे 48 लागले. हिशोब इथेच कळतो, ती जागा ज्याच्याकडे आहे किंवा येणार आहे तो पोरगा सोन्यासारखा.

एव्हन बूशार्डचं बघा ना. एडमंटनने त्याला 2018 मध्ये दहावा घेतला, 2021-22 ला 43 पॉइंट्स, पुढच्या वर्षी 40, लोक कंटाळून सोडायला लागले, कारण पहिल्या पॉवर प्लेवर टायसन बॅरी बसलेला. फेब्रुवारी 2023 च्या शेवटी बॅरीला नॅशव्हिलला पाठवलं आणि ती जागा याला मिळाली, मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल या स्टार फॉरवर्डबरोबर. 2023-24 मध्ये 81 मॅचेसमध्ये 82 पॉइंट्स! आणि तो सीझन सुरू झाला तेव्हा त्याच्या एनएचएलमध्ये 200 मॅचेससुद्धा झाल्या नव्हत्या. उलट ओवन पॉवर 2021 चा पहिला नंबर, खेळाडू चांगलाच, पण बफेलोत रास्मस डालिन त्याच्या पुढे उभा, 2022-23 ला 79 मॅचेसमध्ये 35 वरच थांबला. हे नीट समजलं तर अर्धा ड्राफ्ट समजला असं मी म्हणेन.

उंची आणि ड्राफ्ट नंबरचं एवढंच की फॉक्स 66 वा गेला होता आणि 2021 मध्ये नॉरिस ट्रॉफी (सर्वोत्तम डिफेन्समनची) घेऊन गेला. लेन हटसन 5 फूट 9 इंच, 62 वा, 2024-25 ला 66 पॉइंट्स, त्यात 60 असिस्ट, रूकी (पहिल्या वर्षाच्या) डिफेन्समनच्या असिस्टच्या रेकॉर्डशी बरोबरी, वर कॅल्डर (सर्वोत्तम रूकीची ट्रॉफी) ही. हां, तुमच्या लीगमध्ये हिट्स (अंगाने दिलेल्या धडका) आणि ब्लॉक्स (अडवलेले शॉट्स) मोजत असतील तर मोठ्या शरीराचा उपयोग आहे, हे मी मान्य करतो, मॉरिट्झ साइडरने 2023-24 मध्ये दोन्ही 200 च्या वर नेले होते. पण लीगचे नियम न बघता सगळ्यांना सरसकट हा सल्ला द्यायचा, हे चूक आहे.

राहिलं वेव्हर. 27 जून 2025 ला न्यूयॉर्क आयलँडर्सनी डिफेन्समन नोआ डॉब्सनला माँट्रियलला दिलं आणि त्याच रात्री एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये तरुण डिफेन्समन मॅथ्यू शेफरला पहिला घेतला. जागा रिकामी, पोरगा दारात. कीपर लीगमध्ये असा पोरगा वेव्हरपर्यंत येतच नाही हो, त्याला ड्राफ्टमध्येच घ्यावा लागतो, आणि मेसेज वाचून तुम्ही तिथे दुसऱ्या फळीतला फॉरवर्ड घेतलात तर तो तुमच्यानंतर पिक करणाऱ्याकडे जातो, पुढची कित्येक वर्षं.